भिंतीवरचा मुलूख

गोरेगावहून पवईकडे जाताना आरे कॉलनी लागते. तिथल्या केलटीचा पाडा, खांबाचा पाडा यांसारख्या वस्त्यांत वारली कुटुंबे राहतात. आपण मुंबईकर वारली चित्रांना बहुधा कुर्त्यावरच्या नक्षीपुरतेच ओळखतो!

मूळ चित्र लग्नाचे. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. हो, ‘लिहितात’च म्हणायचे. चौकात पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, शेत, तारपा नाच. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. क्षितिजरेषा नसते, जवळचे मोठे आणि लांबचे लहान असा हिशेबही नसतो. मुलूख जसा दिसतो तसा नव्हे, जसा जगला जातो तसा येतो. म्हणून वाघोबाही त्यात असतो; आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आजही फिरतात.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या वारल्यांना कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) तेव्हापासून रोज चित्रे काढू लागले आणि बायकांची कला पुरुषांच्याही हाती आली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. योगायोग असा, की ऑस्ट्रेलियात पापुन्या येथील आदिवासी चित्रकारही १९७१मध्येच वाळूवरच्या आणि अंगावरच्या खुणा फळ्यांवर उतरवू लागले होते. त्यांच्या रेषा आणि वर्तुळे म्हणजे पूर्वजांच्या वाटा, पाणवठे.

आरेतल्या चित्रांत आता मेट्रो आणि तोडलेली झाडेही दिसतात.