शिपायाच्या घरची सेवा

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जात असला, तरी भूमी जिंकतो आणि राखतो तो पायदळाचा शिपाईच. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. नंतर, हाताला जखम झाली असतानाही, त्यांनी शत्रूची तीन मशीनगन ठाणी एकट्याने निकामी केली. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निमजच्या या तेवीस वर्षांच्या तरुणास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे निधन १९८४ साली झाले. पराक्रमाच्या त्या दिवसानंतर ते ३९ वर्षे जगले. पण गौरवपत्र बोलते ते त्या एका दिवसाविषयीच.

सामान्य शिपायाच्या वाट्याला तर तेही येत नाही. तो सीमेवर असताना पेरणी, सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांच्या शाळा हे सारे त्याची पत्नीच निभावते. वर्षाकाठच्या दोन महिन्यांच्या रजेत बाप घरी येतो, तेव्हा लहानग्यास त्याची नव्याने ओळख करून द्यावी लागते. पंधरा-सतरा वर्षांनी तो कायमचा परततो, तेव्हा चाळिशीही उलटलेली नसते आणि मुलांची शिक्षणे व्हायची असतात. पंधरा वर्षांच्या सेवेने मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा आधार असतो, म्हणूनच हा संसार तरतो.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हे गणित बदलले. सेवा चार वर्षांची. त्यानंतर फार तर २५ टक्के जवान कायम होणार. उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल, निवृत्तिवेतन मात्र नाही. सैन्य तरुण राहावे, हा शासनाचा हेतू समजण्याजोगा आहे. तथापि ज्याच्या तारुण्याची राष्ट्राला गरज आहे, त्याच्या पुढील आयुष्याची चिंता केवळ त्याच्या घरावर सोपविणे न्याय्य नव्हे. सेवानिधीची रक्कम घर बांधण्यात वा बहिणीच्या लग्नात संपू शकते. उपजीविकेचा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

यावर कायदे व आरक्षणे हवीतच. परंतु त्यांचा कस लागतो तो तालुक्याच्या कचेरीत. तेथे अर्ज घेऊन आलेल्या माजी सैनिकास अथवा वीरपत्नीस चौथ्यांदा 'उद्या या' असे ऐकावे लागू नये. त्या अर्जाचा वेळेवर निकाल लावणे हा उपकार नसून फेडावयाचे ऋण होय.