दोराच्या दोन टोकांना दोन वैमानिक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या भाषणात मी घरी बांधलेल्या विमानांविषयी बोललो होतो. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, त्याची हकिकत सांगितली होती. त्यानंतर नेरुळहून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा फोन आला. म्हणाला, "सर, विमान बांधून झालं, उडलंसुद्धा. पुढे काय? चार चकरा मारायच्या आणि ताडपत्री घालून ठेवायचं?" मग जरा थांबून त्यानंच विचारलं, "असल्या विमानानं ग्लायडर ओढता येईल का हो?"

प्रश्न मला आवडला. कारण विमान उडतं हे दाखवणं एक, आणि त्याच्या शेपटाला दोर बांधून दुसऱ्याचा जीव त्याच्या भरवशावर सोडणं हे अगदीच वेगळं.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आमच्याकडे खारघरच्या डोंगरावर दुपारी घारी फिरताना दिसतात. पंख न हलवता गोल गोल वर चढत जातात. खडक तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर उठते आणि घार त्या हवेत बसून वर जाते. ग्लायडरही तेच करतं. फरक इतकाच, की घार पहिली झेप स्वतःच्या पंखांनी घेते. ग्लायडरला तिथवर कुणीतरी पोचवावं लागतं.

पोचवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली विंचची. पुण्यात शिकत असताना आम्ही सायकली दामटत सासवड रस्त्यानं हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो, कुंपणाशी उभे राहून बघत बसायचो. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ, आणि दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मध्ये लांबच लांब तारेचा दोर. रीळ फिरू लागलं, की ग्लायडर पतंगासारखं तोंड वर करून चढायचं आणि अर्ध्यापाऊण मिनिटात दोर सोडून द्यायचं. ही रीत स्वस्त. पण दोराच्या लांबीनं तिला मर्यादा पडते. किलोमीटरभर दोर असला तर तीनेकशे, फार तर चारशे मीटर उंची मिळते. साधं शिकाऊ ग्लायडर सेकंदाला पाऊण मीटर खाली येत राहतं. म्हणजे तीनशे मीटरवरून सातएक मिनिटांत परत जमिनीवर. तेवढ्यात वर चढणारी हवा सापडली तर सापडली.

दुसरी रीत विमानानं ओढून नेण्याची. पन्नास-साठ मीटर दोर, पुढे इंजिनाचं विमान, मागे ग्लायडर. सहाशे मीटरपर्यंत, हवं तर त्याहून वर न्यायचं, आणि मुख्य म्हणजे हवा जिथं उठते आहे तिथं नेऊन सोडायचं. जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत सुरू झाली आणि आज जगभरातल्या क्लबांत ती रोजची आहे.

आता नेरुळच्या मुलाचा प्रश्न. ओढायला लागतं तरी किती? इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. दोन माणसं बसलेलं ग्लायडर समजा सहाशे किलोचं आहे. चांगलं ग्लायडर हवेला इतका कमी अडथळा करतं, की सरळ पातळीवर ओढायला दोरावर चोवीस-पंचवीस किलोचा ताण पुरतो. भरलेला गॅस सिलिंडर याहून जड असतो! पण आपल्याला पातळीवर राहायचं नाही, चढायचंय. ताशी एकशेदहा किलोमीटर वेगानं जाताना सेकंदाला अडीच मीटर चढायचं, तर आणखी पन्नास किलो लागतात. एकूण पंचाहत्तर. म्हणजे सबंध वेळ एक धडधाकट माणूस शेपटाला लोंबकळतो आहे असं समजा.

अश्वशक्तीत मांडलं तर हे काम तीस अश्वशक्तीचं. प्रॉपेलर बिचारा इंजिनाची सगळी शक्ती हवेला देत नाही. इतक्या कमी वेगात तिसरा हिस्सा किंवा जास्तच वाया जातो. म्हणजे इंजिनाकडून पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्ती फक्त ग्लायडरसाठी. सातशे किलोच्या विमानाला स्वतःला तेवढ्याच चढावर न्यायला नव्वद-शंभर. बेरीज दीडशेच्या घरात गेली. वर उन्हाळा. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. एप्रिलमध्ये पारा अडतीसवर गेला, की तिथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा तेरा टक्के विरळ असते. इंजिनाला तेवढा श्वास कमी, पंखांना तेवढा आधार कमी. ओढणाऱ्या विमानांत एकशेऐंशी अश्वशक्तीचं इंजिन वारंवार दिसतं, ते हौसेखातर नाही. विमान अगदी हलकं असेल आणि ग्लायडर एकट्याचं असेल, तर शंभरातही भागतं. पण मग धावपट्टी लांब हवी आणि पलीकडे झाडं-इमारती नकोत.

शक्ती मिळाली म्हणून काम झालं असं नाही. घरी विमान बांधणाऱ्यांपैकी पुष्कळांना वेगाची ओढ असते. आखूड पंख, इंजिनावर घट्ट बसवलेलं झाकण, हवेला कुठं अडू द्यायचं नाही. असं विमान ताशी तीनशे किलोमीटरनं सुरेख जाईल. पण ताशी एकशेदहावर, पूर्ण शक्तीवर, नाक वर करून पाच मिनिटं चढायला सांगा, की घाम फुटतो. इंजिन वाऱ्यानं थंड होणारं, आणि वाराच पुरेसा नाही. सिलिंडरची डोकी तापत जातात. मग ग्लायडर सुटतं, वैमानिक घाईनं खाली सूर मारतो, आणि तेच तापलेलं इंजिन गार वाऱ्यात एकदम थंड होतं. दिवसातून पंधरा वेळा हे केलं तर धातूला तडे जायची भीती. म्हणून असा वैमानिक शक्ती टप्प्याटप्प्यानं कमी करत उतरतो. आणि मुळात वेगवान विमान ताशी शंभरच्या आसपास हवेतच तरंगेनासं होतं; त्याला एकशेदहानं ओढायला लावणं म्हणजे कड्याच्या काठावरून चालणं.

अमेरिकेत पिकांवर औषध फवारायला बनवलेलं पायपर पॉनी नावाचं ओबडधोबड विमान ग्लायडर क्लबांचं लाडकं झालं ते याचमुळे. त्यातली औषधाची टाकी काढली, की ओझं वाहायची ताकद आयती शिल्लक. युरोपातली कथा आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये जोली आणि देलेमॉन्तेझ या दोघांनी जोडेल नावाचं छोटं लाकडी विमान आखलं. पहिलं १९४८ मध्ये उडालं. त्याचे नकाशे घेऊन हौशी लोकांनी आपापल्या शेडमध्ये विमानं बांधली. पुढे देलेमॉन्तेझ यांनी रोबां यांच्याबरोबर त्याच घाटाचं मोठं विमान कारखान्यात काढलं. टोकाला वर मुडपलेले लाकडी पंख तेच. ते रोबां डीआर-४०० आज युरोपात जागोजाग ग्लायडर ओढतं. तेव्हा 'घरगुती विमानाचं हे काम नव्हे' असं कुणी म्हणालं, तर मला पटत नाही. प्रश्न ते कुठं बांधलं हा नाही; कशासाठी आखलं हा आहे.

आता शेपटाकडे येऊ. माझ्या मते सगळा जीव तिथं अडकलेला आहे. विमानाचं शेपूट हलकं ठेवलेलं असतं. तिथं हूक बसवायचा म्हणजे त्याचा ताण सांगाड्यातल्या मुख्य दांड्यांपर्यंत पोचवावा लागतो, पत्र्यावर चार रिबिटं मारून चालत नाही. आणि ताण नेहमी सरळ मागे नसतो. घाटात बंद पडलेली गाडी दोरानं ओढताना पाहिली असेल. दोर सैल पडतो, मागची गाडी जवळ येते, मग दोर ताठ होतो तो हिसक्यानं. हवेतही असंच होतं, शिवाय डावी-उजवी-वर कुठूनही. म्हणून दोरात मुद्दाम एक कच्चा दुवा घालतात. जर्मनीतल्या टॉस्ट कंपनीचे असे दुवे रंगावरून ओळखतात: पांढरा साधारण पाचशे किलोला तुटतो, निळा सहाशेला. तोडायचाच म्हणून ठेवलेला धातूचा तुकडा! अमेरिकी नियमात दोराची ताकदही बांधून दिली आहे, ग्लायडरच्या कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून कमी नको आणि दुपटीहून जास्त नको. दोर त्याहून दणकट असला, तर टोकांना कच्चे दुवे घालावेच लागतात.

खरा धोका मात्र हिसक्याचा नाही, पतंगाचा आहे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे लगेच कळेल. ग्लायडरचा वैमानिक नवशिका असला, क्षणभर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं आणि ग्लायडर पुढच्या विमानाच्या फार वर चढलं, तर ते पतंगासारखं दोर वर खेचू लागतं. खेचतं काय, तर पुढच्याचं शेपूट. शेपूट वर, नाक खाली. पुढचा वैमानिक दांडा पोटाशी ओढतो, पण उपयोग होत नाही, कारण मागच्याची ताकद त्याच्या शेपटाच्या पट्टीपेक्षा मोठी असते. दोन-तीन सेकंदांत विमान जमिनीकडे तोंड करतं. उंची शंभर मीटर असली, तर सावरायला जागाच नाही. अशा अपघातांत ओढणारे वैमानिक गेले आहेत, आणि मागचा मात्र दोर सुटून सुखरूप उतरला असंही घडलं आहे.

यावर उपाय एकच, पुढच्यानं तत्काळ दोर सोडणं. म्हणून सोडायची मूठ हाताशी, न बघता सापडेल अशी हवी. आणि हूक असा हवा, की दोर वर खेचला जात असतानाही तो उघडेल. जुन्या घडणीचे काही हूक नेमके अशा वेळी आवळून बसत, मूठ कितीही ओढा. जमिनीवर दोर सरळ मागे ताणून तपासलं तर ते झकास उघडतात! घरी बांधणाऱ्याला माझं सांगणं असं, की शेपूट तिकाटण्यावर ठेवून दोराला वजन लावा, तो वरच्या दिशेनं, बाजूनं, तिरका ओढून बघा, आणि प्रत्येक वेळी मूठ एका हातानं उघडते का ते पाहा. कंटाळवाणं काम आहे. पंख रंगवण्यासारखी मजा त्यात नाही.

दोघांत बोलणं कसं होतं असंही त्या मुलानं विचारलं होतं. रेडिओ असतो, पण भरवसा खुणांवर. पुढच्यानं पंख डावे-उजवे हलवले, की अर्थ 'आत्ताच्या आत्ता सोड'. नुसतं सुकाणू हलवून शेपूट फडफडवलं, तर 'तुझे हवारोधक उघडे राहिलेत बघ'. या दोन खुणांची गल्लत करणारे निघतात. उघडे रोधक मिटायचे सोडून घाबरून दोरच सोडतात, आणि मग कमी उंचीवर, रोधक उघडे ठेवून, शेतात.

कागदाची बाजू थोडक्यात सांगतो. अमेरिकेत घरी बांधलेलं विमान प्रयोगी वर्गात मोडतं. ते भाड्यानं चालवता येत नाही. मित्राचं ग्लायडर हौसेनं ओढणं वेगळं आणि पैसे घेऊन ओढणं वेगळं. आपल्याकडे अजून त्याच्या अलीकडचाच टप्पा अवघड आहे. यादवांचं विमान २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात. उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी २०२० मध्ये. गच्चीवरून विमान उतरवायला क्रेन लागली, ते काम काही तासांचं. बाकीची चार वर्षं कागदांची. मला तपासणीचा राग नाही. वर शेपटाचं सांगितलं, ते कुणीतरी परक्या माणसानं तपासावं असंच मला वाटतं. पण तपासणारा लवकर यावा, आणि नापास करायचं तर कारण सांगून करावं.

नवी मुंबईत हे जमेल का? नाही. उलव्याची टेकडी कापून सपाट केलेल्या जागेवर २०२५ च्या डिसेंबरात विमानतळ सुरू झाला. आता इथलं आकाश मोठ्या विमानांच्या येण्याजाण्याचं. त्या मुलाला मी सांगितलं, आधी ग्लायडर शिक. मागच्या टोकाला बसून पाहिल्याशिवाय पुढच्याला काय भोगावं लागतं ते कळत नाही. त्यानं विचारलं, "आणि ग्लायडर सोडल्यावर दोराचं काय होतं?"

तो विमानामागेच लोंबत राहतो. ओढणारा वैमानिक उतरायला येतो तेव्हा त्याच्या मागे, आणि त्याच्याहून खाली, पन्नास मीटर दोर असतो, टोकाला लोखंडी कडी. विमान कुंपणावरून अलगद गेलं, तरी कडी कुंपणात, विजेच्या तारेत किंवा बाहेर सायकल टेकून बघत उभ्या असलेल्या पोरांत अडकू शकते. म्हणून तो एरवीपेक्षा बराच उंचावरून कुंपण ओलांडतो, किंवा आधी मैदानावर खालून जाऊन दोर टाकतो आणि पुन्हा एक फेरी मारून उतरतो. खाली कुणीतरी धावत जाऊन दोर गोळा करतो, तो कुठं विरलाय का ते बोटांनी चाचपतो, आणि पुढच्या ग्लायडरकडे नेतो.