जंगलात शिरलेली आगगाडी : लाकूडवाहू रेल्वेंचा वारसा

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कॅस नावाच्या गावी, १९०५ साली एक कोरे वाफेचे इंजिन दाखल झाले. क्रमांक ५. भोवतालच्या डोंगरांवरचे स्प्रूसचे ओंडके खाली गिरणीत आणणे हे त्याचे काम. पुढे लाकूडतोड थांबली, गिरणी बंद पडली, मालक बदलले; इंजिन मात्र त्याच डोंगरावर राहिले आणि शंभरी उलटल्यावरही चढ चढत राहिले. जगातल्या लाकूडवाहू रेल्वेंपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे भाग्य आले. ते कशामुळे आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

साधी रेल्वे पिढ्यान्‌पिढ्या टिकावी म्हणून बांधतात. जंगलातले फाटे एका उतारावरची झाडे संपली की उखडून पुढच्या उतारावर न्यायचे असत. अशा मार्गासाठी बोगद्यांवर आणि भरावांवर पैसा कोण घालणार? त्यामुळे चढ भयंकर, वळणे आखूड आणि रूळ डगमगते. बोरघाटातला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर; माथेरानचा २० ला १. कॅसच्या डोंगरावर तो काही ठिकाणी ९ ला १ आहे. नेहमीच्या इंजिनाचा तिथे निभाव लागत नाही.

यावर तोड काढली मिशिगनमधल्या एफ्राइम शे या लाकूड-व्यावसायिकाने. त्या भागात ओंडक्यांची वाहतूक हिवाळ्यात, बर्फावरून घसरगाड्यांनी होई; बर्फ कमी पडले की धंदा बसलाच. शेने लाकडी रूळ टाकून पाहिले, तर उतारावर भरलेला डबा घोड्यांच्या अंगावर येई. नेहमीचे इंजिन चालवले, तर रुळांची वाट लागे. अखेर त्याने सपाट वाघिणीवरच बॉयलर बसवला आणि वळणाप्रमाणे मोकळ्या फिरणाऱ्या बोगींच्या चाकांना गती दिली. १८८१ साली त्याला पेटंट मिळाले. ओहायोमधल्या लिमा कारखान्याने १९४५ पर्यंत अशी सुमारे २,७७० इंजिने बांधली.

समोरून पाहिले तर शे इंजिन एका अंगाला कललेले वाटते. त्याचा बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो, कारण उजव्या अंगाला सिलिंडर उभे बसवलेले असतात. मोठ्या इंजिनांना तीन. दट्टे वर-खाली होतात आणि चाकांच्या उंचीवरचा आडवा लांब दांडा फिरवतात. या दांड्यात जागोजागी फिरते सांधे असतात आणि त्याचे चौकोनी तुकडे एकमेकांत मागेपुढे सरकतात. म्हणूनच वळणावर बोगी वळली तरी दांडा अडत नाही. दांड्यावरची छोटी दातेरी चक्रे चाकांच्या बाहेरच्या तोंडावरच्या मोठ्या दातेरी चक्रांत बसतात. परिणामी कोळसा-पाण्याखालची चाकेसुद्धा ओढीला लागतात आणि इंजिनाचे सगळे वजन कामी येते. दांडा दोनदा फिरून गेला तरी चाकाचा एक फेरा पुरा होत नाही. त्यामुळे आवाज मेलगाडीचा आणि वेग सायकलचा.

कॅसची गिरणी १९०२ पासून १९६० पर्यंत चालली. ती बंद झाल्यावर रूळ आणि इंजिने भंगारात जाण्याच्या बेतात होती. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल बॉम या रेल्वेवेड्या गृहस्थाने स्थानिक लोकांना हाताशी धरले आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला गळ घातली. राज्याने रेल्वे विकत घेतली आणि १९६३ च्या उन्हाळ्यात पर्यटकांची वाहतूक सुरू झाली. बॉल्ड नॉब या शिखराकडे जाताना गाडी दोनदा दिशा बदलते. पूर्वी बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनातही असेच करावे लागे. १९४५ साली बांधलेले शेवटचे शे इंजिन संग्रहालयात उभे होते. तेही इथे आणून पुन्हा चालते केले. इंजिन चालते ठेवायचे तर बॉयलर दुरुस्त करणारे, फिटर, फायरमन पिढीमागून पिढी घडवावे लागतात. म्हणजे यंत्राबरोबर हातातली विद्याही जपली जाते.

तैवानमधल्या अलिशानलाही शे इंजिनेच गेली. जपानी राजवटीत सायप्रसचे प्रचंड वृक्ष उतरवण्यासाठी बांधलेली तिथली नॅरोगेज रेल्वे १९१२ साली सुरू झाली. सपाटीवरच्या चियायीपासून निघून, दुलिशानच्या डोंगराला वेटोळे घालत ती २,२०० मीटरच्या वर पोहोचते. तोडलेल्या वृक्षांच्या आत्म्यांसाठी १९३५ साली तिथे उभारलेले स्मारक आजही आहे. २००९ च्या मोराकोट वादळाने हा मार्ग तुटला. नवा बोगदा खोदून २०२४ साली तो पूर्ण लांबीने पुन्हा सुरू झाला. पंधरा वर्षे लागली, पण तैवानने नाद सोडला नाही.

आपल्या देशात मात्र कोचीन संस्थानाची वन-ट्रामवे नामशेष झाली. १९०७ पासून परांबिकुलमचे सागवान ती चालकुडीला आणी. लांबी सुमारे ८० किलोमीटर. अवघड उतारांवर भरलेल्या वाघिणी दोरखंडाने खाली सोडत आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. १९६३ साली, कॅसला पहिले पर्यटक चढले त्याच वर्षी, ती बंद करण्यात आली. आज तिथे अवशेष तेवढे उरले आहेत.

आपल्या दाराशी असलेले उदाहरण बिलिमोरा-वघई मार्गाचे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने डांगचे सागवान आणण्यासाठी बांधलेली ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज. २०२० साली ती कायमची बंद करण्याचे घाटत होते. स्थानिकांचा विरोध झाला आणि २०२१ साली गाडी पुन्हा धावू लागली.

या रेल्वेंनी जंगले ओरबाडली, हे झाकून ठेवता कामा नये. वेस्ट व्हर्जिनियाचे बहुतेक मूळ अरण्य १९२० च्या आसपास संपले होते. आज कॅसच्या गाडीतून दिसतात ती नंतर वाढलेली झाडे. इंजिनाची करामत आणि जंगलाची हानी या दोन्ही गोष्टी एकाच प्रवासात सांगणारी रेल्वे म्हणजेच खरा वारसा. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या इंजिनाला हे सांगता येत नाही.

नाशिककरांना सापुताऱ्यावरून वघई जवळ आहे, मुंबईकरांना बिलिमोरा सुरतेच्या वाटेवर आहे. वेळापत्रक पाहून एकदा सहकुटुंब या गाडीने जा आणि मुलांना सागवानाची गोष्ट सांगा. प्रवाशांनी भरलेली गाडी बंद करणे कोणत्याही सरकारला जड जाते.