घोटीचा पत्ता : एमके69

हौशी रेडिओवर जगाचे चौकोन पाडलेले असतात. घोटीचा चौकोन एमके69. वीस अंशाच्या अक्षवृत्तावर, म्हणजे नाशिक शहरापाशीच, तो संपतो आणि पुढे एमएल60 सुरू होतो. एफटी8 या डिजिटल मोडमध्ये आपली कॉलसाइन (ओळखचिन्ह), हा चौकोन आणि सिग्नलची ताकद एवढीच देवाणघेवाण होते. नोबेल मिळालेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह 2017 मध्ये तो आणला. 15 सेकंद एकाने बोलायचे, पुढचे 15 सेकंद ऐकायचे. कानाला नुसती खरखर वाटते, त्यातूनही संगणक अक्षरे वेचून काढतो!

रेडिओ आणि संगणकाच्या जोडणीत कामे तीन: रेडिओचा आवाज संगणकात आणणे, संगणकाचा आवाज रेडिओत नेणे आणि योग्य क्षणी प्रसारण सुरू करणे. नव्या रेडिओंत साउंडकार्ड आतच असते, एक यूएसबी केबल पुरते. जुन्याला मध्ये इंटरफेस लागतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असले तर गुणगुण येत नाही.

नवखे चुकतात ते आवाजाच्या पातळीत. रेडिओवरच्या एएलसीचा (स्वयंचलित पातळी नियंत्रणाचा) काटा जेमतेम हलेल इतकाच आवाज द्या. जास्त दिला की सिग्नल पसरतो आणि शेजारच्यांचे बोलणे बुडते. संगणकाचे घड्याळही सेकंदाला पक्के हवे. कळसूबाईसारख्या शिखरावर रेडिओ नेला आणि मोबाइलची रेंज मिळाली नाही, तर वेळ जीपीएसवरून घ्यावी.

प्रसारणासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना बंधनकारक आहे.