लशीत गर्भाच्या पेशी नसतात

माझी मावसबहीण सोलापुरात असते आणि तिचा मुलगा अमेरिकेच्या नौदलात आहे. परवा तिने फोन करून थेट विचारलं, "ताई, कोरोनाच्या लशीत पाडलेल्या गर्भाचं मांस घालतात म्हणे. म्हणून तिकडच्या सैनिकांनी धर्माचं कारण देऊन ती नाकारली. खरं का गं?"

हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याची मोजदाद नाही. अमेरिकी सैन्यातली लससक्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये उठली. त्यानंतर ही अफवा विझत आली होती. जानेवारी २०२५ मध्ये, लस नाकारली म्हणून काढलेल्या सैनिकांना परत घेण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढला आणि ती पुन्हा मोबाइलवर फिरू लागली. माझी वीस-बावीस वर्षं पेशी वाढवण्यात गेली आहेत, त्यामुळे हे ऐकलं की माझा संयम सुटतो. तरी एकदा नीट सांगते.

लशीत गर्भ नसतो, गर्भाचं मांस नसतं आणि गर्भाच्या पेशीही नसतात.

मग गर्भाचा विषय आला कुठून? १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात एका गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशी घेऊन फ्रँक ग्रॅहम हे संशोधक प्रयोग करत होते. त्या पेशींमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसच्या जनुकांचा एक तुकडा घुसवायचा होता. त्यांच्या वहीतल्या २९३व्या प्रयोगाला यश आलं, आणि त्या पेशी विभाजन थांबवायचंच विसरल्या. त्यांना नाव पडलं एचईके-२९३. आज जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात त्या या पेशींच्या वंशजांचे वंशज. दह्याचं विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरी जातं आणि वर्षानुवर्षं चालत राहतं, तसंच हे. लशीसाठी नवा गर्भ लागत नाही, तेव्हाही लागला नाही.

या पेशी मी हाताळल्या आहेत. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून करंगळीएवढी नळी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात हलवत दीड-दोन मिनिटांत वितळवायची आणि आतला थेंबभर ऐवज गुलाबी पोषकद्रवात सोडायचा. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की फ्लास्कच्या तळाला पेशींची लहान लहान बेटं चिकटलेली दिसतात. तीन-चार दिवसांत बेटं एकमेकांना भिडतात, गुलाबी द्रव पिवळा पडू लागतो, आणि मग त्यांना सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालावं लागतं. यात मूत्रपिंड कुठे दिसत नाही, बाळ तर नाहीच नाही.

आता एकेक लस घ्या. फायझर आणि मॉडर्नाच्या लशीतला एमआरएनए पेशीत बनतच नाही. तो विकरांच्या मदतीने, पेशीविना तयार करतात. एचईके-२९३ तिथे आली ती फक्त चाचणीपुरती: हा संदेश पेशीला वाचता येतो का, एवढंच बघायला. जॉन्सन अँड जॉन्सनचं प्रकरण वेगळं आहे. तिचा विषाणू पीईआर-सी६ या पेशींमध्ये वाढवायचे आणि त्या पेशींचं मूळ १९८५ मधल्या एका गर्भापाशी जातं. पण विषाणू वाढला की तो पेशींपासून वेगळा काढतात, शुद्ध करतात, गाळतात. कुपीत जातो तो विषाणू.

आणि आपली कोव्हिशील्ड? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली, देशात सर्वाधिक टोचली गेलेली ही लसही एचईके-२९३ मध्येच वाढवलेल्या विषाणूची आहे. कंपनीच्याच माहितीपत्रकात हे छापलेलं आहे. हे सांगितल्यावर बहीण क्षणभर गप्प झाली. "म्हणजे मी घेतली ती?" हो, तीच. तूही घेतलीस आणि मीही.

सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. अमेरिकी सैन्यात भरती होताच जवानांना अ‍ॅडिनोव्हायरसच्या दोन गोळ्या गिळायला देतात. बरॅकमध्ये तापाच्या साथी पसरू नयेत म्हणून दिली जाणारी ही लस तिकडे सैन्यासाठीच आहे. तिचा विषाणू वाढवतात डब्ल्यूआय-३८ या पेशींवर, आणि त्या १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात एका गर्भाच्या फुफ्फुसातून तयार झाल्या. रुबेलाच्या लशीचीही कथा जवळपास हीच. या गोळ्यांबद्दल एकही मेसेज मला आजवर आलेला नाही. खळबळ माजवणाऱ्यांना पेशींशी काही देणंघेणं असतं, तर त्यांनी सुरुवात तिथून केली असती.

मात्र एक गोष्ट मी मनापासून मानते. एखादा सैनिक म्हणाला, "लशीत काही नाही हे मला पटलं, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गर्भपाताशी इतका दूरचा संबंधही मला नको," तर तो खोटं बोलत नाही. तो सद्सद्विवेकाचा मुद्दा आहे आणि अमेरिकेच्या १९९३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने त्याला अर्ज करण्याची वाट दिली आहे. व्हॅटिकनच्या डिसेंबर २०२० मधल्या टिपणात पर्याय नसेल तर अशा लशी घेणं नैतिकदृष्ट्या मान्य असल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच टिपणात लस ऐच्छिक असावी असंही म्हटलं आहे. दोन्ही बाजू यातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. शिवाय अर्जांचा निकाल सैन्याने प्रामाणिकपणे लावला, असंही म्हणवत नाही. नौदल नकार नुसते शिक्के मारल्यासारखे देतं, असे ताशेरे टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशांनी जानेवारी २०२२ मध्ये ओढले. त्यात तथ्य होतं. अशा सैनिकाची बाजू मांडायला बाळाच्या मांसाची थाप कशाला लागते?

बाकीच्या कंड्यांना एकेक वाक्य पुरे. "सुप्रीम कोर्टाने सैनिकांची बाजू घेतली" हे खरं नाही. मार्च २०२२ मध्ये त्या कोर्टाने, कुणाला कुठल्या मोहिमेवर पाठवायचं हे ठरवताना लसीकरण विचारात घेण्याची नौदलाला मुभा दिली. "धर्मापायी ८,००० जणांना काढलं" हेही अर्धसत्य. ८,०००हून अधिक जण काढले गेले ते लस घेण्याचा आदेश मोडल्याबद्दल, आणि त्या सगळ्यांनी धर्माचं कारण दिलेलं नव्हतं. "ख्रिस्ती धर्मात लस वर्ज्य आहे" म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की औषधांऐवजी प्रार्थनेवर भर देणारा ख्रिश्चन सायन्स हा पंथही अनुयायांना लस घेऊ नका असं सांगत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त असल्याची आपल्याकडची ओरडही याच जातीची. रक्तद्रव पेशी वाढवताना वापरतात आणि नंतर धुऊन काढतात. तयार लशीत तो नसतो, हा खुलासा आरोग्य मंत्रालयाला जून २०२१ मध्ये करावा लागला होता.

आणि "सैन्यात सक्ती हे आजचं थेर आहे" म्हणणाऱ्यांसाठी: क्यूबेकच्या मोहिमेत देवीने फौज पोखरून काढल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७७ साली आपल्या सगळ्या सैनिकांना देवी टोचण्याचा आदेश काढला. जेन्नरची लस यायला तेव्हा १९ वर्षं अवकाश होता. कातडीखाली घालत ते खऱ्या रोग्याच्या फोडातलं द्रव्य.