अणुकेंद्रकाला बांधून ठेवणारे बल मोजतात कसे?

'अणू' म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांना हिरोशिमा आठवते, नाहीतर जैतापूर. ते साहजिक आहे. पण अणुकेंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या बलाचा अभ्यास म्हणजे बॉम्बचे संशोधन नव्हे. हे काम जिथे चालते त्या जिनिव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेच्या 1953 च्या करारातच लिहिले आहे की लष्करी गरजांशी तिचा संबंध राहणार नाही आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले असतील.

आता मूळ प्रश्न. सारखे विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण शाळेत शिकलो. मग लोखंडाच्या अणुकेंद्रकात 26 प्रोटॉन एकत्र राहतात कसे? त्यांना बांधणारे वेगळे बल आहे. ते फार ताकदवान, पण त्याचा पल्ला एक-दोन फेम्टोमीटर इतकाच. एका मिलिमीटरमध्ये एक लाख कोटी फेम्टोमीटर बसतात. गंमत म्हणजे, कण त्याहूनही जवळ आले तर हेच बल त्यांना ढकलू लागते.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातले बल मोजायला एका कणाचा झोत दुसऱ्यावर सोडून तो कसा विखुरतो ते पाहतात. पण प्रोटॉनचे काही भाऊबंद असे आहेत, ज्यांच्यात 'स्ट्रेंज' नावाचे क्वार्क असतात. त्यांतल्या ओमेगा या कणात तर तिन्ही क्वार्क स्ट्रेंज. तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत नष्ट होतो. त्याचा झोत करून प्रयोग कसा करणार?

इथे 27 किलोमीटर परिघाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर कामी येतो. त्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात आणि साधारण एक फेम्टोमीटरच्या जागेतून नवे कण बाहेर पडतात. म्हणजे ते जन्मतःच एकमेकांच्या बलाच्या टप्प्यात असतात. बाहेर पडताना बलाचा जो परिणाम होतो, तो मोजायचा.

समजा, दादरला एका लोकलमधून गर्दी उतरली. तिच्यातल्या किती जोड्या एकाच चालीने बरोबर चालतात ते मोजा. मग तुलनेसाठी वेगवेगळ्या लोकलमधली माणसे घेऊन कागदावर जोड्या लावा. त्यांचा तर एकमेकांशी संबंधच नाही. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त आला तर माणसांत ओढ आहे, कमी आला तर दुरावा. समाजशास्त्रात आम्ही तुलना गट घेतो, तसेच हे. कोलायडरमध्ये एका टकरीतल्या जोड्यांची तुलना वेगवेगळ्या टकरींमधून लावलेल्या जोड्यांशी करतात.

ही युक्ती आली खगोलशास्त्रातून. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी 1956 मध्ये अशाच तर्काने व्याध ताऱ्याचा आकार मोजला. तिथे उगमाचा आकार शोधायचा होता. इथे तो ठाऊक असतो, शोधायचे असते बल.

सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगाने 2020 मध्ये 'नेचर'मध्ये प्रोटॉन आणि ओमेगा यांच्याविषयीचे निष्कर्ष मांडले. या दोघांचे विद्युतभार विरुद्ध, त्यामुळे थोडी ओढ अपेक्षितच होती. पण दिसलेली ओढ त्याहून स्पष्टपणे जास्त होती. जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने क्वार्कच्या मूळ समीकरणांवरून महासंगणकावर असे आकर्षण आधीच वर्तवले होते.

याचा धागा न्यूट्रॉन ताऱ्यांपर्यंत जातो. वीसेक किलोमीटर व्यासात सूर्याहून जास्त वस्तुमान! त्यांच्या पोटात स्ट्रेंज कण तयार होत असतील, तर तारा दाबाखाली मऊ पडायला हवा. तरी सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे तारे टिकलेले दिसतात. कोडे अजून सुटलेले नाही. म्हणून आता तीन कण एकत्र आल्यावर बल कसे वागते, तेही ॲलिसमध्ये तपासले जात आहे.

ॲलिसमध्ये कोलकात्याच्या संस्था आहेत, आपली आयआयटी मुंबईही आहे. 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे या कामात आपल्या कराचा पैसाही आहे. आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत मात्र विज्ञान शाखेचा विद्यार्थीही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकापलीकडे क्वचितच जातो, ही गोष्ट मला खटकते. सर्नची बरीच माहिती 2014 पासून इंटरनेटवर मोफत खुली आहे. शाळकरी मुलांसाठी ॲलिसच्या खऱ्या नोंदींमधून स्ट्रेंज कण शोधण्याचा सरावही आहे. तो इंग्रजीत आहे, पण अभ्यासिकेतल्या साध्या संगणकावर एखाद्या रविवारी करून पाहता येईल.