प्लगची निवड आणि गॅपचे माप

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटवण्याचे काम स्पार्क प्लग करतो. कॉइलकडून हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या मधल्या दांड्यात येतो आणि दांडा व वरची वाकवलेली पट्टी यांमधली फट ओलांडून ठिणगी उडते. ही फट म्हणजेच गॅप. फोरस्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर सिलिंडरमध्ये मिनिटाला 3000 वेळा मिश्रण पेटावे लागते. म्हणून प्लग इंजिनाला जुळणारा हवा आणि त्याचा गॅप मोजून लावलेला हवा.

निवडताना आधी आटे पाहावेत. त्यांचा व्यास बहुधा 10, 12 किंवा 14 मिलिमीटर असतो आणि लांबी 12.7 किंवा 19 मिलिमीटर. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही. लांबी चुकली तर मात्र तो बसतो आणि नुकसान करतो. जास्त लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो. आखूड प्लगची ठिणगी आत दबून राहते आणि हेडच्या उघड्या आट्यांत काजळी भरते.

दुसरी बाब उष्णतेची. प्लगचे टोक साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअस तापमानात राहिले पाहिजे. त्याहून थंड राहिले तर काजळी जळत नाही. फार तापले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला धोका होतो. उष्णता सावकाश सोडतो तो गरम प्लग, झटकन सोडतो तो थंड प्लग. हा दर्जा प्लगवरच्या आकड्यातून कळतो, पण प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड. बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम. दुचाक्यांत दिसणारा एनजीकेचा ‘सीआर7एचएसए’ हा प्लग पाहा. ‘सी’ म्हणजे 10 मिलिमीटरचे आटे, ‘आर’ म्हणजे रेडिओतली खरखर रोखणारा रोधक, 7 हा उष्णतेचा दर्जा आणि ‘एच’ म्हणजे आट्यांची 12.7 मिलिमीटर लांबी.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तरी उन्हाळ्यासाठी वेगळा थंड प्लग घेण्याची गरज नसते. सिलिंडरमधल्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते. त्यापुढे बाहेरच्या दहा-वीस अंशांचा फरक किरकोळ ठरतो. इथल्या प्लगला जास्त त्रास होतो तो छोट्या फेऱ्यांचा. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही दोन्ही विष्णुपुरीतच आहेत. वसतिगृहापासून वर्गापर्यंतच गाडी चालली तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते आणि प्लग काजळी धरतो. अधूनमधून नांदेडपर्यंत एकसारख्या वेगाने गाडी नेली की प्लगवरची काजळी जळून जाते.

काढलेला प्लग इंजिनाची तब्येत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. काळा तेलकट थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येते. पांढरे पडलेले टोक फार तापल्याची खूण आहे.

गॅप दुचाकीत बहुधा 0.6 ते 0.9 मिलिमीटर असतो, मोटारीत 1.1 पर्यंतही जातो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गॅप कमी असेल तर ठिणगी लहान पडते आणि गाडी आयडलिंगला मिस मारते. वाढला तर ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, कॉइलवर ताण येतो आणि चढावर गाडी पिकअप घेत नाही. वापरात धातू झिजतो, म्हणून गॅप आपोआप वाढत जातो.

मापासाठी फीलर गेज वापरावा. योग्य जाडीची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. गॅप वाढला असेल तर वरची वाकवलेली पट्टी कठीण पृष्ठभागावर हलकेच ठोकावी. कमी असेल तर पट्टीच थोडी उचलावी. मधल्या दांड्यावर जोर दिला तर त्याच्याभोवतीच्या चिनी मातीला तडा जातो. इरिडियम प्लगचे टोक सुईसारखे नाजूक असते, त्याला पाती घासू नये.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावा आणि आधी भोवतालची माती फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. बसवताना निम्म्याहून अधिक आटे हातानेच फिरवावेत. वायसर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, जुन्याला त्याहून बराच कमी. बजाजने 2003 मध्ये पल्सरला दिलेल्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. अशा गाडीचे दोन्ही एकदमच बदलावेत.